सिग्नलकाकांची झाडं

कोलकात्यातल्या माझ्या पहिल्याच फाल्गुनात मी चारचौघांसमोर फणसाच्या झाडाला आंबा म्हणालो. झाड लांब नव्हतं, अंधारही नव्हता. बुंध्याला मुठीएवढे कोवळे फणस लटकत होते. त्यातला एक तर माझ्या नाकाला टेकायचाच बाकी होता. पण मला झाड बघायचंच नव्हतं. गार्डन रीचच्या रेल्वे कॉलनीला अर्धी फेरी मारूनच मला असा काही दम लागला होता, की थांबायला एखादं सभ्य कारण हवं होतं. म्हणून कमरेवर हात ठेवून, मान वर करून मी म्हणालो, "वा! आंबा काय मोहरलाय यंदा!"

बायकोनं कपाळाला हात लावला. शेजारचे घोषबाबू सभ्य गृहस्थ, त्यांनी आपली माकडटोपी उगाचच सारखी केली. आणि ज्यांच्या मागे आम्ही सगळे चालत होतो ते सिग्नलकाका माझ्याजवळ आले. फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू आवाजात म्हणाले, "नाव चुकलं तरी चालतं, अकाउंट्स. दम लागला की झाडाकडे बघावं. कुणाला कळत नाही."

मी रेल्वेच्या हिशेब खात्यात बदलून आलेलो, म्हणून मी 'अकाउंट्स'. त्यांनी माझी लाज राखली याचंच मला इतकं बरं वाटलं, की ही युक्ती त्यांना इतकी पक्की कशी ठाऊक, हा प्रश्न काही माझ्या डोक्यात आला नाही. तो यायला हवा होता.

सिग्नलकाका हे नाव कॉलनीतल्या मुलांनी ठेवलेलं. सगळी नोकरी त्यांनी सिग्नल खात्यात काढली होती. ते निवृत्त झाले, पण त्यांचा उजवा हात निवृत्त व्हायला तयार नव्हता. चालता चालता तो एकदम वर जायचा, पंजा उघडा, बोटं घट्ट. "रेड!" आम्ही जागच्या जागी उभे. "वर बघा." आम्ही वर बघायचो. कधी शेवग्याचा पांढरा फुलोरा, कधी सगळी पानं टाकून नुसत्या लाल फुलांवर उभी असलेली काटेसावर, कधी पिंपळाची नुकती फुटलेली तांबूस पानं. थोड्या वेळानं हात खाली यायचा. "ग्रीन." मिरवणूक पुढे. ऑफिसला निघालेले लोकही आमच्याबरोबर थांबून वर बघायचे. त्यांना वाटायचं, कुणीतरी झाडावर अडकलंय.

एकदा मी कुरकुर केली. "काका, सारखं रेड, रेड! आम्ही काय मालगाडी आहोत?"

माझ्या पोटाकडे बघून बायको म्हणाली, "विचारताय कशाला?"

सगळे हसले. काका हसले नाहीत. "रेड म्हणजे शिक्षा नसते हो," ते म्हणाले. "रेड म्हणजे पुढची लाइन क्लिअर नाही. पुढे काय उभं आहे ते ड्रायव्हरला दिसत नसतं, म्हणून त्याला थांबवायचं. आणि सिग्नल बिघडला तर काय होतं, माहीत आहे? आपोआप लाल होतो. रचनाच तशी केलेली असते. बिघडलेल्या सिग्नलनं हिरवं दाखवलं ना, की घात." हे सांगताना त्यांची नजर रस्त्याच्या टोकाला लागली होती. तिकडे नदीवर धुकं होतं आणि त्यातून न दिसणाऱ्या बोटीचा भोंगा येत होता.

वसंत म्हणजे माणसाचं ओव्हरहॉलिंग, हा काकांचा सिद्धांत. "डबे बारा महिने धावतात, पण मधून वर्कशॉपला जातातच ना? सगळं सुटं करायचं, गंज खरवडायचा, तेलपाणी करायचं. माणसाला त्यासाठीच फाल्गुन-चैत्र दिलाय." त्यांच्या वर्कशॉपचे नियम सोपे होते. उजाडताना उठायचं, कोमट पाणी प्यायचं, चालून झालं की पाठीवर कोवळं ऊन घेत गप्प बसायचं, रात्रीचं जेवण दिवेलागणीला उरकायचं. आणि कडुनिंब. आपण पाडव्याला एक दिवस गूळ, ओवा, हिंग घालून कडुनिंबाची गोळी खातो आणि वर्षभराची तब्येत कमावली असं समजतो. काका फाल्गुनापासूनच रोज कोवळी पानं चावायला लावत, तीही गुळाशिवाय. घोषबाबूंना यात काहीच नवल वाटलं नाही. त्यांच्याकडे याच दिवसांत कडुनिंबाची पानं वांग्याबरोबर तळून पहिल्या घासाला खातात. "नीम-बेगुन! हमारा भी एही सिस्टम है," असं म्हणत त्यांनी आमच्या घरी वाडगाभर पाठवून दिलं. दोन संस्कृतींचा असा कडू संगम मी कधी पाहिला नव्हता, आणि तो नेमका माझ्याच ताटात व्हावा!

पण खोटं कशाला बोलू, उपयोग होत होता. दुपारी फायलीवर डुलक्या येईनाशा झाल्या. जिना चढताना कठड्याला लोंबकळायचं थांबलं. हौसेनं मी पावलं मोजणारं घड्याळ विकत घेतलं, तर काका म्हणाले, "काढा ते. पावलं मोजणारा माणूस चालत नाही, वसुली करतो. वर कोकिळा ओरडतेय आणि तुम्ही मनगट बघताय!" मी घड्याळ खिशात टाकलं. खिशातही ते मोजत राहिलं, हे त्यांना सांगितलं नाही.

काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी मीरा पुण्यात, चौदाव्या मजल्यावर. निवृत्तीनंतर सगळी मराठी माणसं आपापल्या गावी परत जातात. काका कॉलनीच्या भिंतीला लागून एक भाड्याची जागा घेऊन तिथेच राहिले, कारण त्यांची झाडं भिंतीच्या आत होती. दर रविवारी फेरीच्या वेळेलाच मीराचा फोन यायचा. चालताना फोन कानाला लावणं नियमात बसत नव्हतं म्हणून काका स्पीकर लावत, आणि बापलेकीचं भांडण आम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं.

"बाबा, आता बास झालं. इकडे या."

"येऊन काय करू?"

"काय करू म्हणजे? आराम करा. स्वतंत्र खोली आहे, एसी आहे, लिफ्ट आहे."

"झाड आहे?"

"बाल्कनीत तुळस आहे."

"तुळशीखालून चालता येतं का?"

"बाबा, तुमची तब्येत ठीक आहे ना? खरं सांगा."

"ठणठणीत. विचार या अकाउंट्सना. त्यांना मी दमवतोय."

मी फोनकडे तोंड करून ओरडलो, "फार दमवतात हो!"

फोन बंद झाल्यावर काका माझ्या बायकोला म्हणाले, "प्रेमानंच बोलते पोरगी. पण मला नुसती शिंक आली असं जरी तिला कळलं ना, तर दुसऱ्या दिवशी विमानानं येईल आणि मला सामानासारखं उचलून नेईल. तिथे नेलं की संपलं माझं. मी काय लिफ्टमध्ये चालू? मला बाकी काही नको, वहिनी. हे ऊन, ही झाडं आणि चालता चालता..." वाक्य अर्धंच राहिलं. हात वर गेला. "रेड. वर बघा."

वर काही विशेष नव्हतं. एक घार होती, कॉलनीवर गोल गोल फिरत.

पुढच्या फाल्गुनात झाडं वाढली. म्हणजे नवी लावली नाहीत कुणी. काकांची थांबायची ठिकाणं वाढली. जो पिंपळ जाताना दाखवला तोच येतानाही दाखवायचा. एक झाड तर उघड उघड वाळून गेलेलं होतं, साल सुटलेली, फांद्यांवर मुंग्यासुद्धा नाहीत. तिथे हात वर करून ते म्हणाले, "बघत राहा, याला पालवी फुटेल." आम्ही त्या सांगाड्याकडे भक्तिभावानं बघत राहिलो. मी तर खूश होतो. सगळे थांबे माझ्यासाठीच आहेत, अशी माझी ठाम समजूत होती. रेल्वेचा पूल ओलांडून पलीकडच्या बागेत जायचा कार्यक्रमही त्यांनी रद्द केला. "पुलावर काय आहे बघण्यासारखं?" मला जिन्यांचा तिटकारा, मी लगेच अनुमोदन दिलं.

कधीकधी ते जबड्यावर हात फिरवत, दाढ दुखत असल्यासारखा. फेरी सुरू व्हायच्या आत कपाळ ओलं असायचं. "पित्त," ते म्हणत. घोषबाबू त्यांच्याहून पक्के. जगातले सगळे रोग गॅस आणि अम्बल या दोनच कुळांतले, असं त्यांचं मत होतं. "दादा, ओ कुछ नहीं, गैस है. ऊपर चढ़ गया है." अम्बल म्हणजे आपलं पित्तच. या एका बाबतीत बंगाल आणि महाराष्ट्राचं कधी भांडण होणार नाही.

आता काकांच्या डबीबद्दल सांगायला हवं. चुना-तंबाखूची डबी मराठी माणूस लांबूनही ओळखतो. दोन्ही टोकांना झाकण, एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. तशीच एक जुनी डबी काकांच्या खिशात असायची. एका बाजूला त्यांनी भाजलेला ओवा आणि सैंधव भरलेलं होतं. फेरी संपली की सगळ्यांच्या तळहातावर चिमूटभर पडायचं. दुसरी बाजू ते आमच्यासमोर कधी उघडत नसत. एकदा सगळे वर बघत असताना माझी मान अवघडली, म्हणून मी खाली बघितलं. काका बुंध्याआड वळले होते. त्यांनी डबीचं दुसरं टोक उघडलं, काहीतरी जिभेखाली सारलं आणि झाडाला पाठ टेकून डोळे मिटून उभे राहिले.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! साक्षात सिग्नलकाका तंबाखू खातात! कारण मीही काही धुतल्या तांदळाचा नव्हतो. फेरीनंतर "पेपर घेऊन येतो" असं सांगून मी कोपऱ्यावरच्या दुकानात गरम कचुरी आणि जिलिपी हाणत असे. इतके दिवस त्या पापात मी एकटा होतो.

घरी येऊन बायकोला बातमी दिली. ती कणीक मळत होती.

"तंबाखू? थुंकताना पाहिलंत कधी त्यांना?"

"नाही, पण..."

"दात बघितलेत? मोत्यासारखे आहेत."

"अगं, जिभेखाली धरताना पाहिलं मी. डोळे मिटून."

"तंबाखू गालात धरतात," ती म्हणाली. "माझे मामा जन्मभर खात होते." ती पुन्हा कणीक मळायला लागली, पण फार हळू. मग वर न बघता तिनं विचारलं, "आणि कचुरी आज खाल्लीत की नाही?"

विषय तिथेच संपला, निदान माझ्यापुरता. पण दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याबरोबर चालायची सोडून काकांच्या अगदी मागे चालायला लागली. एकदा तिनं सरळ विचारलंही, "काका, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" काका मोठ्यानं हसले. "मला? वहिनी, या वयात एवढं चालणारा दुसरा माणूस दाखवा." ते खरंच होतं. दाखवता येत नव्हता. तरीही 'वर बघा' म्हटलं की आम्ही सगळे वर बघायचो आणि ती मात्र समोर, त्यांच्या मानेकडे बघत राहायची.

त्या वर्षी उन्हाळ्याला घाई होती. चैत्र लागायचा होता, तरी सकाळीच डांबर तापायचं, रस्त्यावर वाळक्या पानांचा थर सरपटायचा आणि कोकिळा भर दुपारीही गप्प बसेना. काकांनी संध्याकाळची एक फेरी वाढवली, नदीकाठानं, वाऱ्यासाठी. पाडव्याला सगळ्यांना सकाळी नदीवर नेऊन तिथेच कडुनिंब द्यायचा त्यांचा बेत ठरला होता. त्याचीच ही तालीम होती.

तो नदीकाठचा रस्ता मला कधीच आवडला नाही. एका बाजूला जहाजांच्या कारखान्याची लांबच लांब भिंत, दुसऱ्या बाजूला गढूळ पाणी. सबंध वाटेवर झाड नाही. पाडव्याला आठवडा असेल, आम्ही त्या रस्त्याच्या मध्यावर होतो. वारा पडला. इतका पडला की, नावेवर वाळत घातलेलं लुगडंसुद्धा हलेना. नदीपलीकडचं आकाश आधी पिवळं झालं, मग शाईसारखं. घोषबाबू ओरडले, "कालबोइशाखी! दादा, जल्दी चलिए!" उन्हाळ्याच्या तोंडावरचं बंगालमधलं हे वादळ ज्यानं पाहिलंय तो वाद घालत नाही. आम्ही सगळे घाटावरच्या पत्र्याच्या शेडकडे पळायला लागलो. मीही पळालो, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहितोय.

मागून आवाज आला. "रेड!"

आम्ही थांबलो. सवयच तशी लागली होती. काका रस्त्याच्या मधोमध उभे होते, हात वर, पंजा उघडा. "वर बघा," ते म्हणाले.

आणि आम्ही खरंच वर बघितलं. वर झाड नव्हतं. पान नव्हतं, फूल नव्हतं, घारसुद्धा नव्हती. नुसता तो काळा ढग होता, आमच्या डोक्यावर सरकत येणारा. धुळीचा पहिला लोट तोंडावर आला तरी आमच्या माना वरच. मग मला बायकोचा आवाज ऐकू आला, "काका!" ती वर बघत नव्हती.

काका भिंतीला टेकून खाली बसत होते. डावा हात छातीशी आणि उजवा खिशात. डबी निघाली, पण दुसऱ्या टोकाचं झाकण काही त्यांच्या बोटांना उघडेना. मी शहाण्यासारखा म्हणालो, "काका, आत्ता तंबाखू नको हो." बायकोनं माझ्याकडे एकदाच बघितलं. डबी हिसकून घेतली, झाकण उघडलं. आत कापूस होता आणि कापसात बारीक पांढऱ्या गोळ्या. तिनं एक त्यांच्या जिभेखाली ठेवली. पावसाचा पहिला फटकारा आला तेव्हा काका माझ्या शर्टाची बाही धरून म्हणत होते, "लाइन क्लिअर नाही, अकाउंट्स. पुढची लाइन क्लिअर नाही."

घोषबाबूंनी भर वादळात, टोपी उडालेली असताना, रस्त्यात आडवे उभे राहून एक ऑटो थांबवला. दवाखान्यात पोचलो. तिथल्या डॉक्टरांनी काकांना पाहिलं आणि नावही न विचारता ते वैतागून म्हणाले, "इनको हम कब से बोल रहे हैं!" गेल्या वर्षापासून. म्हणजे मी फणसाला आंबा म्हणालो त्याच्याही आधीपासून. हृदयाची तपासणी झालेली होती, ऑपरेशन सांगितलेलं होतं, घरच्यांना घेऊन या असंही सांगितलं होतं. ते ऐकून काका फेरीला आले होते आणि त्यांनी मला दम लपवायची युक्ती शिकवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भेटायला गेलो. खिडकीबाहेर वादळानं मोडलेली एक फांदी लोंबत होती, तिची फुलं अजून ताजी होती. काका तिच्याकडे बघत होते.

"मीराला कळवलं नाहीत ना?"

"अजून नाही," बायको म्हणाली.

"कळवू नका. पाडवा होऊ दे. सगळ्यांना नदीवर नेतो, कडुनिंब देतो, मग मीच सांगतो तिला. शब्द देतो, वहिनी."

मला वाटलं, काय हरकत आहे? म्हातारा माणूस, एवढंच तर मागतोय. मी तसं बोलणारही होतो. तेवढ्यात बायकोनं स्टूल पुढे ओढलं.

"काका, सिग्नल बिघडला तर काय होतं?"

काका पुन्हा त्या फांदीकडे बघायला लागले.

"तुम्हीच सांगितलंत. आपोआप लाल होतो. तुम्ही बिघडलात आणि वर्षभर हिरवं दाखवत राहिलात. आम्हाला, मीराला, सगळ्यांना."

मग काका म्हणाले, "चालणं गेलं की माझ्यात काही उरत नाही हो."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. तिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि बाहेर गेली.

मीरा संध्याकाळच्या विमानानं आली. अगदी काका म्हणाले होते तसंच झालं. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हणेपर्यंत ती त्यांच्या उशाशी बसून राहिली, आणि मग पाडव्याच्या दोन दिवस आधी त्यांना घेऊन निघाली. टॅक्सी कॉलनीच्या फाटकातून, त्यांच्याच झाडांखालून गेली. बायकोशी ते एक अक्षरही बोलले नव्हते. वळणावर मागच्या काचेतून त्यांचा उजवा हात वर झालेला दिसला. पंजा उघडा, बोटं घट्ट. तो निरोप होता की 'थांबा' होतं, मला आजही कळलेलं नाही. टॅक्सी थांबली नाही.

पाडव्याला आम्ही नदीवर गेलो. कडुनिंब खाल्ला, गुळाशिवाय. घोषबाबूंनी डोळे पुसले आणि कडू लागल्याचं सांगितलं.

पुण्यात ऑपरेशन झालं, ते नीट पार पडलं. दिवाळीत काकांचा फोन आला, तो माझ्या बायकोला. "तुमच्यावर रागावलो नाही मी, वहिनी. रागवायलाही दम लागतो." ती हसली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली, भांडी घासायला बाई असताना. त्यानंतर फोन कमी होत गेले. या संक्रांतीला तिळगूळ पोचला का विचारायला आम्हीच केला, तर मीरानं उचलला.

"बरे आहेत, काकू. चालतातही रोज. बाहेर फार रहदारी आहे ना, म्हणून खाली पार्किंगमध्येच चालायला सांगितलंय. फक्त एक विचित्र करतात. मधेच थांबतात, हात वर करतात आणि वर बघत उभे राहतात. वर काहीच नाहीये हो. नुसता स्लॅब."

"किती वेळा थांबतात?" बायकोनं विचारलं.

"आता जरा जास्तच," मीरा म्हणाली. "सवय असेल जुनी."

"मीरा," बायको म्हणाली, "सवय नाही ती. आजच डॉक्टरकडे घेऊन जा." फोन ठेवल्यावर तिचा हात फोनवरच राहिला. मी विचारलं, "बरे आहेत ना?"

आता फाल्गुन पुन्हा लागलाय. फेरी चालू आहे आणि गंमत बघा, ती आता मी चालवतो. कोमट पाणी, कोवळं ऊन, कडुनिंब, सगळं काकांसारखंच. कचुरीसुद्धा सोडलीय, निदान सोमवार ते शनिवार. नवीन बदलून आलेली कुटुंबं मला 'नवे सिग्नलकाका' म्हणतात. मी हात वर करतो, रेड म्हणतो, लोक वर बघतात. मोठा रुबाब वाटतो त्याचा.

परवा सकाळी माझा डावा खांदा जरा भरून आला होता. उशी बदलायला हवी, असं मी मनाशी ठरवलं. शिवाय आदल्या दिवशी जेवणही जड झालं होतं, म्हणजे गॅस. फणसाच्या झाडापाशी आलो आणि माझा हात आपोआप वर गेला. "रेड. वर बघा." घोषबाबूंनी टोपीसकट मान वर केली. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले, कारण या झाडाखाली आमचा एक ठरलेला विनोद आहे. मी कमरेवर हात ठेवला, श्वास जमवला आणि म्हणालो, "वा! आंबा काय मोहरलाय यंदा!"

सगळे पोट धरून हसले. मी खिशात ओवा चाचपत होतो. बायको हसली नाही, तिनं वरही बघितलं नाही. ती माझ्या अगदी जवळ आली, माझं मनगट धरलं आणि फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू आवाजात म्हणाली, "फणस आहे तो. आता खरं सांगा, कुठे दुखतंय?"